वेदनेचे प्रदर्शन

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लुर्ड्सच्या मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली या दिवसाची घोषणा केली आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. आमच्या धर्मग्रामातही त्या दिवशी आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, त्यांना पवित्र तेलाचा अभ्यंग दिला जातो आणि नंतर महिला मंडळाच्या भगिनी सर्वांना चहा-नाश्ता देतात. काही वर्षांपूर्वी युवक मंडळाने आमच्यापुढे एक नवी कल्पना मांडली. अंथरुणाला खिळलेली माणसे चर्चमध्ये दिसत नाहीत, म्हणून ती आपल्या मनातूनही हळूहळू पुसली जातात. तेव्हा घरोघरी जाऊन त्यांची छायाचित्रे काढावीत, सभागृहात त्यांचे प्रदर्शन भरवावे आणि दाराशी रुग्णसाहाय्य निधीची पेटी ठेवावी. कल्पना आम्हांला मनापासून आवडली. आम्ही तत्काळ होकार दिला आणि पुढच्या रविवारी प्रवचनातून मुलांची पाठही थोपटली.

मुलांनी जीव ओतून काम केले, यात शंका नाही. बत्तीस मोठी कृष्णधवल छायाचित्रे भिंतींवर लागली. खिडकीतून खाटेवर पडलेला उजेड, चादरीवर विसावलेला सुरकुतलेला हात, उशाशी जपमाळ आणि औषधाची बाटली. लोक थबकून पाहत होते, डोळे पुसत होते. पेटीत अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पैसे जमले.

मिस्सानंतर एका आजींची चाकाची खुर्ची नातवाने सभागृहात आणली. आजींनी वयाची ऐंशी ओलांडली होती. पायाची जखम काही वर्षांपासून भरत नव्हती. फिरता फिरता खुर्ची त्यांच्याच छायाचित्रापुढे येऊन थांबली. चित्रात त्या खाटेवर बसलेल्या होत्या. पोटरीवरचे फडके सैल झालेले, केस मोकळे, नजर भलतीकडेच. मंडळाच्या मुलांच्या मते सर्व प्रदर्शनात तेच चित्र उत्तम साधले होते. आम्ही कौतुकाने जवळ गेलो आणि विचारले, "आजी, कसा आलाय फोटो?" त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. चित्राकडे पाहतच त्या म्हणाल्या, "फादर, अगोदर सांगितलं असतं, तर केस तरी विंचरले असते."

स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्ही समजूत घातली असती, क्षमा मागितली असती. आमच्यापाशी बोलायला काहीच उरले नाही. संध्याकाळी आम्ही ते चित्र भिंतीवरून उतरवले.

ते उतरवल्याचे कळताच छायाचित्र काढणारा तरुण आमच्याकडे आला. तो दुखावला होता. तो म्हणाला, "फादर, आपल्या प्रत्येक घरात वेदीवर एका उघड्या, रक्ताळलेल्या माणसाची मूर्ती असते. त्याचेही केस विंचरलेले नसतात. त्याच्याकडे पाहून आपण रडतो, दानधर्म करतो. मग आजींच्या चित्रात मी काय वाईट केले?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि सोपाही नव्हता. दुसऱ्याची वेदना लोकांसमोर मांडावी का? हेतू चांगला असला, त्यातून करुणा जागी होत असली, चार आजाऱ्यांची औषधे सुटत असली, तरीही? त्या तरुणाला त्या रात्री आम्ही समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. पुढे अनेक दिवस आम्ही या विषयावर वाचत आणि विचार करीत राहिलो. त्यातले काही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सेमिनरीत असताना एका वृद्ध युरोपीय धर्मगुरूंनी वर्गात एक छापील चित्र फिरवले होते. क्रूसावरचा ख्रिस्त, पण आम्ही पाहत आलो होतो तसा गोरा, शांत, मान कलती करून झोपल्यासारखा नव्हे. देह हिरवट पडलेला, सर्वांगावर काट्यांनी आणि फोडांनी पडलेले व्रण, बोटे वेदनेने आकडी आल्यासारखी ताणलेली, पावले सुजून विद्रूप झालेली. आम्हां विद्यार्थ्यांना ते चित्र, खरे सांगायचे तर, किळसवाणे वाटले. एकाने तसे बोलूनही दाखवले. प्राध्यापक हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हे चित्र कोणासाठी काढले असेल?" आणि ते आमच्या उत्तराची वाट पाहत राहिले. आम्ही उत्तर दिले नाही.

ते चित्र माथियास ग्रूनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेल्या वेदीचित्राचा एक भाग आहे. आज ते फ्रान्समधील कोल्मार शहरात, एका जुन्या डॉमिनिकन मठात उभारलेल्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. मुळात मात्र ते संग्रहालयासाठी काढलेले नव्हते. कोल्मारच्या दक्षिणेस इझेनहाइम नावाचे गाव आहे. तेथे संत अंतोनी याच्या नावाने चालणाऱ्या संघाचा मठ होता. (हा अंतोनी म्हणजे आपण ज्याच्या नोव्हेना करतो तो पादुआचा संत नव्हे, हा इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला प्राचीन मठवासी.) या संघाचे बंधू एका भयंकर रोगाच्या आजाऱ्यांची सेवा करीत. राय नावाच्या धान्यावर एक विषारी बुरशी वाढते. गरिबांचे पोट याच धान्याच्या भाकरीवर चाले. ते विष पोटात गेले की अंगाची आग होई, झटके येत, भास होत, हातापायांची बोटे काळी पडून झडत. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. लोक त्याला संत अंतोनीचा अग्नी म्हणत. मठातले बंधू आजाऱ्यांना चांगल्या धान्याची भाकरी देत, औषधी मलम लावत आणि सडलेला अवयव कापून काढण्याची सोयही तेथे होती. आणि आजाऱ्याला मठाच्या चर्चमधील या वेदीसमोर आणले जाई, असे अभ्यासक सांगतात.

म्हणजे चित्रातील ख्रिस्ताच्या अंगावरचे व्रण पाहणाऱ्याला अनोळखी नव्हते. त्याच्या स्वतःच्या अंगावर तेच होते. गावाने ज्याला दूर लोटले, ज्याच्या अंगाला घाण येते म्हणून घरच्यांनी नाक दाबले, तो आजारी माणूस मान वर करून पाही आणि वेदीवर त्याला त्याच्यासारखाच कोणीतरी दिसे. वेदीला पाखे होते. सणाच्या दिवशी ते उघडले जात आणि आत पुनरुत्थित प्रभूचे चित्र दिसे. त्याची कांती नितळ आणि तेजाळ, जखमांच्या जागी प्रकाश. आणखी आतल्या एका चित्रात तर, कोपऱ्यात, फुगलेल्या पोटाचा आणि अंगभर गळवे उठलेला एक रुग्णच बसलेला आहे.

प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कळायला असा बराच काळ जावा लागला. निरोगी माणसांना आजारी माणूस दाखवण्यासाठी ते चित्र काढलेले नव्हते. तेथे पाहणारा आजारी होता. आम्ही सेमिनरीतील धडधाकट मुले त्या चित्राचे खरे प्रेक्षकच नव्हतो. आम्हांला ते किळसवाणे वाटले यात नवल ते काय!

आता या चित्राच्या पुढच्या प्रवासाविषयी. तो प्रवास आम्हांला एका वेगळ्याच प्रदर्शनापाशी नेतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळी कोल्मार जर्मनीच्या ताब्यात होते. रणभूमी जवळ असल्यामुळे १९१७ साली हे वेदीचित्र सुरक्षिततेसाठी म्युनिकला हलवण्यात आले. युद्ध संपल्यावर, ते फ्रान्सला परत जाण्यापूर्वी, १९१८ च्या अखेरीपासून १९१९ च्या सप्टेंबरपर्यंत ते तेथील आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात लोकांसाठी खुले होते. हरलेल्या, उपाशी, घरोघरी मृत्यू पाहिलेल्या लोकांनी त्यापुढे अक्षरशः यात्रेसारखी गर्दी केली. इझेनहाइममध्ये जे चारशे वर्षांपूर्वी घडत होते, ते थोडेसे पुन्हा घडले.

त्यानंतर अठराच वर्षांनी त्याच म्युनिक शहरात दुसरे एक प्रदर्शन भरले. १९ जुलै १९३७ रोजी नाझी सरकारने ते उघडले. त्याच्या नावातील जर्मन शब्दाचा रोख वंशाकडे होता: जे आपल्या जातीपासून ढळले, सडले, असे. आपल्याकडे त्याला 'अवनत कला' म्हणता येईल. देशभरातील सरकारी संग्रहालयांतून जप्त केलेली सहाशेंहून अधिक आधुनिक चित्रे आणि शिल्पे अरुंद खोल्यांत दाटीवाटीने, काही तर मुद्दाम वाकडीतिकडी टांगली होती. भिंतींवर टवाळीची वाक्ये रंगवली होती. शेजारी किमती लिहिल्या होत्या, आणि कष्टकऱ्यांच्या करातून हा पैसा गेला, असे सुचवले होते. प्रवेश विनामूल्य होता. एकट्या म्युनिकमध्ये वीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. एक दिवस आधी, थोड्याच अंतरावर, हिटलरच्या हस्ते 'थोर जर्मन कले'चे भव्य प्रदर्शन उघडले होते; तेथे सुदृढ, पीळदार, निष्कलंक देहांची शिल्पे मोकळ्या प्रशस्त दालनांत मांडलेली होती. कोणाकडे आदराने पाहायचे आणि कोणाला हसायचे, याचा धडा लोकांना एकाच फेरीत मिळावा, अशी ती योजना होती.

या दुसऱ्या, हसण्याच्या प्रदर्शनात शिरताच प्रेक्षकाला पहिल्याप्रथम काय दिसे? क्रूस. लुडविग गीस या शिल्पकाराने महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ कोरलेला मोठा लाकडी ख्रिस्त. कृश, पिळवटलेला, इझेनहाइमच्या ख्रिस्ताचा जणू धाकटा भाऊ. पूर्वी तो ल्यूबेकच्या कॅथेड्रलमध्ये टांगला होता, तेव्हाही कोणीतरी त्याचे मस्तक तोडून पाण्यात फेकले होते. आता तो उपहासासाठी मांडला गेला. पुढे त्या क्रूसाचे काय झाले, याचा माग नाही. लगतच्या दालनात एमिल नोल्डेची ख्रिस्तचरित्रावरची चित्रे होती. (नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता. मनुष्य इतका सरळ रेषेत क्वचितच चालतो.) सर्वच प्रेक्षक हसायला आले होते, असे आम्ही म्हणणार नाही. आवडत्या चित्रांचा अखेरचा निरोप घ्यायला आलेलेही त्या गर्दीत असतील. परंतु हसण्याची सोय सर्वांसाठी केलेली होती.

आणि येथेच आजाऱ्यांचा संबंध येतो. हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात हान्स प्रिन्झहॉर्न नावाचा डॉक्टर १९१९ साली रुजू झाला. तो कलेतिहासाचाही अभ्यासक होता. जर्मन भाषिक प्रदेशांतील मनोरुग्णालयांना पत्रे पाठवून त्याने रुग्णांनी काढलेली चित्रे, विणकाम, कोरीवकाम, लिखाण मागवले. सुमारे साडेचारशे रुग्णांच्या सुमारे पाच हजार वस्तू जमल्या. १९२२ साली त्याने त्यांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांना जग वेडे म्हणून विसरले होते, त्यांच्या हातांतही खरी कला आहे, हे त्याने दाखवून दिले. युरोपातील अनेक चित्रकारांनी तो ग्रंथ भारावून वाचला. १९३७ नंतर नाझींनी याच संग्रहाला हात घातला. प्रदर्शनाच्या माहितीपुस्तिकेत आणि पुढे ते इतर शहरांत फिरू लागल्यावर प्रत्यक्ष दालनांत, आधुनिक चित्रांशेजारी हायडेलबर्गच्या रुग्णांची चित्रे मांडली गेली. सूचना उघड होती: पाहा, हे आणि हे एकच, दोन्ही रोगट.

प्रिन्झहॉर्नच्या ग्रंथातील एका रुग्णाचे नाव फ्रांझ पोल असे छापलेले आहे. त्याचे खरे नाव फ्रांझ कार्ल ब्यूलर. तो लोखंडावर नक्षीकाम करणारा कुशल कारागीर होता. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या कामाचा गौरव झाला होता. आपल्या वाचकांना शिकागोचे ते वर्ष विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक असते. त्याच मेळ्यात हा लोहारही आपल्या कामासह होता. पुढे त्याचे मन बिघडले आणि आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्याने मनोरुग्णालयांत काढली. तेथे त्याने तलवार उगारलेल्या मृत्युदूताचे एक चित्र काढले. ते पाहून प्रिन्झहॉर्नला ग्रूनेवाल्डची आठवण झाली होती आणि त्याने ती लिहून ठेवली आहे. ५ मार्च १९४० रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ब्यूलरला ग्राफेनेक येथे नेऊन विषारी वायूने ठार मारण्यात आले.

तो एकटा नव्हता. जानेवारी १९४० पासून मनोरुग्ण आणि अपंग यांना राखाडी रंगाच्या बसमध्ये घालून सहा ठिकाणी नेले जात होते. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक माणसे अशी मारली गेली. हायडेलबर्गच्या त्याच रुग्णालयाचा नवा प्रमुख या योजनेतला एक पुढारी होता. प्रदर्शनातल्या हशातून ही हत्या जन्मली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिची तयारी निराळ्या कचेऱ्यांत चालली होती. परंतु ती बस रस्त्याने जात असताना लोकांना जे दिसले, ते पाहण्याची सवय त्यांच्या डोळ्यांना आधीच लागलेली होती.

३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून या हत्येचा उघड निषेध केला. त्या प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर पोहोचल्या आणि महिना संपण्यापूर्वी हिटलरने ती योजना अधिकृतपणे थांबवली. आम्ही धर्मगुरू ही हकिगत अभिमानाने सांगतो, आणि सांगावी. मात्र तारखा एकाखाली एक लिहिल्या की आमची मान आपोआप खाली जाते. ब्यूलर जाऊन तेव्हा सतरा महिने झाले होते. आणि हत्या थांबली तीही कागदोपत्रीच; उपासमारीने आणि औषधांच्या मात्रेने ती गुपचूप चालूच राहिली.

आता आमच्या त्या तरुणाकडे येऊ. त्याची तुलना कोणी नाझींशी करील तर तो घोर अन्याय ठरेल. त्याने आजींना हसण्यासाठी भिंतीवर लावले नव्हते. परंतु प्रिन्झहॉर्नशी त्याची तुलना करावी, असे आम्हांला वाटते, आणि तीत आम्ही स्वतःलाही धरतो. प्रिन्झहॉर्न सज्जन होता. रुग्णांवर त्याची माया होती. तरीही त्याने पत्रे पाठवली ती रुग्णालयांच्या प्रमुखांना. ज्यांची चित्रे, त्यांना कोणी विचारले नाही. त्यांची लाज झाकावी म्हणून त्याने ग्रंथात खोटी नावे घातली. पण त्याबरोबर ब्यूलरची कीर्तीही झाकली गेली. आम्हीही बत्तीस घरांत गेलो तेव्हा कोणाला विचारले? सुनेला, मुलाला, नातवाला. खाटेवरच्या माणसाला विचारायचे असते, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

हायडेलबर्गच्या त्याच संग्रहात आग्नेस रिश्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे एक जाकीट आहे. रुग्णालयाच्या राखाडी कापडाचे, तिने स्वतः शिवलेले. त्यावर आतून-बाहेरून, रंगीत दोऱ्याने, तिने अक्षरे भरली आहेत. १८९५ च्या सुमाराचे ते काम आहे. बराचसा मजकूर आज लागत नाही. जे लागते त्यात 'मी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सर्वांना सारखेच कापड आणि कपड्यांना नावाऐवजी आकडा अशा ठिकाणी एक बाई सुई घेऊन बसते आणि आपल्या अंगाला लागेल अशा बाजूने 'मी' लिहिते. आम्ही या जाकिटाचे छायाचित्रच पाहिले आहे, तरी ते मनातून जात नाही. बायबलमध्ये जग निर्माण झाल्यावर आदामाने सर्व प्राण्यांना नावे दिली. पण आपले नाव आपणच आपल्या कपड्यावर टाचण्याची पाळी माणसावर यावी!

त्या संग्रहाला २००१ साली हायडेलबर्गमध्ये स्वतःचे संग्रहालय मिळाले, आणि ब्यूलर आता ब्यूलर म्हणूनच ओळखला जातो. हे योग्यच झाले. तरीही एका गोष्टीपाशी आमचे मन अडते. तेथेच एमा हाउक या रुग्ण स्त्रीने १९०९ साली आपल्या नवऱ्याला लिहिलेली पत्रे आहेत. 'ये' हा एकच शब्द तिने इतक्या वेळा, ओळीवर ओळ चढवून लिहिला आहे की कागदावर शिसपेन्सिलीचे काळे खांब उभे राहिले आहेत. ती पत्रे कधी टपालात पडलीच नाहीत, कागदपत्रांत राहिली. आज देशोदेशींचे रसिक त्यांपुढे उभे राहून त्या काळ्या खांबांचे सौंदर्य पाहतात. तिला ती एका माणसाने वाचायला हवी होती. ती झाकून ठेवावीत का? तसे केले तर ती दुसऱ्यांदा कागदपत्रांत गाडली जाईल. मांडावीत का? तिने आपल्याला बोलावले नव्हते. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही.

ज्यांची वेदना त्यांनीच मांडायची ठरवली, तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण हिरवळीवर एक गोधडी अंथरली गेली. एड्सने मेलेल्यांच्या आईवडिलांनी, भावंडांनी, सोबत्यांनी शिवलेले १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. कोणी मेलेल्याचा सदरा कापून लावला होता, कोणी टोपी, कोणी खेळणे. त्या दिवसांत त्या रोगाची लाज इतकी होती की प्रेताला हात लावायलाही लोक तयार नसत. अंथरताना मृतांची नावे मोठ्याने वाचली गेली, जशी आपल्याकडे सर्व मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, कबरस्तानात वाचली जातात. आज त्या गोधडीचे सुमारे पन्नास हजार तुकडे झाले आहेत. त्यांतल्या काहींवर पूर्ण नाव नाही. केवळ आद्याक्षर, किंवा नुसते पहिले नाव. घरच्यांना तेवढेच सोसवले. आम्हांला ते अर्धे नाव विशेष वाटते. किती दाखवायचे आणि किती झाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवले.

क्रूसाविषयीच्या त्या तरुणाच्या प्रश्नाला आम्ही पुढे उत्तर दिले ते असे. क्रूसावर टांगणे हेही रोमी सत्तेने भरवलेले प्रदर्शनच होते. रस्त्याकडेला, गर्दीच्या वाटेवर, नागवे करून, वर पाटी लावून. येणाऱ्याजाणाऱ्याने हसावे हाच उद्देश. गालेनपूर्वीच्या जर्मनीत जे लोक हसत होते, ते त्या टेकडीवरही होते. आपण घरात जो क्रूस लावतो तो त्या रोमी प्रदर्शनाची आठवण नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतः सांगतो की आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. त्याने दिले आहे म्हणून आपण पाहू शकतो. आजींनी काही दिले नव्हते. आपण घेतले होते. तरुणाने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "पण फादर, पेटीत जमलेल्या पैशांतून आजींचीच मलमपट्टी चालली आहे." तेही खरे होते.

पुढच्या दोन आठवड्यांत तो आणि आम्ही ती छायाचित्रे काखोटीला मारून बत्तीसही घरांत जाऊन आलो. हा अनुभव प्रदर्शनाहून वेगळा होता. एका वृद्ध गृहस्थांना चित्र इतके आवडले की त्यांनी मोठी प्रत मागितली. एकजण म्हणाले, मी चालेन, पण ती लघवीची बाटली काढा. एका घरी सून रडू लागली. चित्रात सासूची चादर मळकी दिसत होती आणि सगळ्या गावाला वाटले की ती सासूची हेळसांड करते. ती चादर त्या सकाळीच बदलायची राहिली होती. सात जणांनी चित्र परत मागितले. दोघांना काय विचारले तेच कळले नाही; त्यांची चित्रे आम्ही घरच्यांच्या हाती दिली, आणि ते बरोबर केले की नाही याविषयी अजून साशंक आहोत.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शन भरले ते आजाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे. कसे बसायचे, काय नेसायचे, कोणती वस्तू जवळ ठेवायची, हे त्यांनी ठरवले. कोणी लग्नातला कोट काढला. कोणी मासेमारीचे जाळे मांडीवर घेतले. एका बाईंनी स्वतःचे चित्र नको म्हणून आपल्या कोंबड्यांचे लावायला सांगितले. काही जणांनी चित्राऐवजी चार ओळी लिहून दिल्या. लोक आले, हसतखेळत पाहून गेले. कोणी डोळे पुसले नाहीत. रुग्णसाहाय्य निधीच्या पेटीत आदल्या वर्षीच्या निम्मेही पैसे जमले नाहीत, आणि त्या वर्षी दोन कुटुंबांना आम्हांला महिन्यांमागून महिने थांबायला सांगावे लागले. ही गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. आजींच्या केसांची किंमत दुसऱ्याच कोणा आजाऱ्याने मोजली.

आजींनी दुसऱ्या वर्षी सणाचे लुगडे नेसून, गळ्यात सोन्याची पोत घालून चित्र काढून घेतले. केस तेल लावून चापून बसवले होते. पाय पूर्ण झाकलेले होते. त्या कॅमेऱ्याकडे ताठ मानेने पाहत आहेत. पारपत्रावर असते तसे ते चित्र आहे, आणि प्रदर्शनात त्यापुढे फारसे कोणी थांबले नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात आजी वारल्या. महिन्याच्या मिस्साच्या कार्डावर घरच्यांनी तेच छापले, आणि आता ते त्यांच्या ओटीवर, पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, लावलेले आहे. छायाचित्र काढणाऱ्या तरुणाला ते अजूनही आवडत नाही.